युद्धासाठीचा साठा: "फक्त दहा दिवसांचा दारूगोळा" म्हणजे नक्की किती?

चौकस_सदाशिव
रविवारी आत्याकडे जेवायला गेलो होतो. श्रीखंड संपेपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग आतेभावाने फोन नाकासमोर धरला: "आपल्या सैन्याकडे फक्त दहा दिवस पुरेल एवढा दारूगोळा, वाच!" आतोबा म्हणाले, असल्या गोष्टी चव्हाट्यावर बोलू नयेत. आतेभाऊ म्हणाला, कॅगने, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्यांनीच छापलंय, मग मी का बोलू नये? आत्याने बासुंदी आणली म्हणून वाद थांबला.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. हा "दिवस" मोजतात कसा? काही दिवशी एक गोळी सुटत नसेल, काही दिवशी आभाळ फाटत असेल. आणि डिझेल-केरोसीनचं काय? शिवाय दहा-पंधरा वर्षं पडून राहिलेला गोळा ऐन वेळी उडतो का? इथे लष्करातले आणि डेपोतले लोक आहेत हे ठाऊक आहे. कुठल्या शेडमध्ये काय ठेवलंय ते नको, उघड माहितीवरच बोलूया.

वितळलेला_कांदा
श्रीखंड आणि बासुंदी एकाच पंगतीत? साठ्याचा खरा प्रश्न आत्याकडे आहे.

मेथीचा_लाडू
वाचतेय. विषय माझा नाही, पण वर्षाचे गहू भरून ठेवणाऱ्या घरातली आहे. साठा करणं सोपं, साठा टिकवणं कठीण, एवढं सांगून गप्प बसते.

ताळेबंद
चौकसराव, आतेभाऊ वाचतोय ते बहुतेक कॅगच्या २०१७ च्या अहवालातलं असणार. त्याआधी २०१५ चा एक होता. दोन्हींचा मथळा तोच झाला आणि आतलं कोणी वाचलं नाही.

आधी "दिवस". लष्करी हिशेबात दोन प्रकारचे दिवस असतात, तीव्र आणि साधा. तीन साधे दिवस म्हणजे एक तीव्र दिवस. पूर्ण युद्धसाठा ४० तीव्र दिवसांचा धरलेला होता. म्हणजे ३० दिवस तुंबळ, ३० दिवस साधं. तिसाचे झाले दहा, ३० आणि १० मिळून ४०. एवढा साठा कायम बाळगणं परवडत नाही म्हणून २० दिवसांची एक किमान पातळी ठरवली. दहा दिवसांच्या खाली गेलं की ते चिंताजनक.

आता २०१७ चा आकडा. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या खाली होते. म्हणजे सुमारे ४० टक्के *प्रकार*. सगळा दारूगोळा दहाव्या दिवशी संपणार असं त्यात कुठेही नाही. एखादा प्रकार पन्नास दिवसांचा असेल, एखादा चारच दिवसांचा. सरासरी काढून घाबरण्यात अर्थ नाही. पण तो चार दिवसांचा प्रकार रणगाड्याचा गोळा असेल तर निवांत बसण्यातही नाही.

अजून_एक_शंका
म्हणजे घरात दहा किलो साखर आणि चहापत्तीची एक पुडी, तर चहा किती दिवसांचा?

ताळेबंद
नेमकं तेच. आणि चहापत्ती म्हणजे फ्यूज, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग. त्याच अहवालात आहे की फ्यूज नसल्यामुळे मोठ्या कॅलिबरच्या गोळ्यांपैकी ८३ टक्के गोळे वापरण्याजोगे नव्हते. कोठार भरलेलं दिसतं, पण ते चालत नाही.

जुना_भांडारी
आयुष्याची एकतीस वर्षं आयुध विभागाच्या डेपोत गेली, म्हणून लिहितो. डेपोचं नाव विचारू नका.

लोकांना वाटतं तोफेचा गोळा म्हणजे दिवाळीतला सुतळी बॉम्ब, पेटवला की गेला. १५५ मिलिमीटरची तोफ घ्या. लोखंडी गोळा वेगळा, साधारण त्रेचाळीस किलोचा. त्याला ढकलणारा चार्ज वेगळ्या डब्यात. नाकावर बसतो तो फ्यूज वेगळ्या पेटीत. पेटवायचा प्रायमर आणखी वेगळा. चौघांचं आयुष्य वेगळं, चौघांचे कारखाने वेगळे, साठवायचे नियमही वेगळे. ज्याची तारीख आधी संपते त्याच्यावर बाकी तिघे अवलंबून.

आणि "पडून राहिलेला माल" म्हणू नका हो चौकसराव. काहीही पडून नसतं. प्रत्येक लॉटला नंबर असतो, स्टॅकला कार्ड असतं. ठरावीक काळाने पेट्या उघडून नमुने काढायचे, गंज बघायचा, प्रॉपेलंट तपासायला पाठवायचं. प्रॉपेलंट म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज. ते बसल्या जागी हळूहळू विघटन पावतं आणि त्यात उष्णता सुटते. ते आवरायला स्टॅबिलायझर घातलेला असतो. तो किती उरलाय हे मोजत राहायचं. तो संपला की माल फक्त जुना राहत नाही, स्वतःहून पेट घेण्याच्या वाटेला लागतो.

फाटकावर रोज खिसे तपासून काडेपेटी काढून घ्यायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. अजून लग्नाच्या हॉलच्या दारात माझा हात आपोआप खिशाकडे जातो, सिगारेट कधीच ओढली नाही तरी.

वितळलेला_कांदा
काका, आमच्या हॉलच्या दारात पाकीट काढून घेतात. तिथेही हात खिशाकडेच जातो.

झोजिला_पार
चौकस यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी पुरवठा दलात, म्हणजे एएससीत, सोळा वर्षं गाडी चालवली.

लडाखमध्ये युद्ध असो वा नसो, दर वर्षी साठा करावाच लागतो. झोजिला घाट साडेअकरा हजार फुटांवर. बर्फ पडला की बंद. त्यामुळे उन्हाळाभर ताफ्यांची रांग लागते. पीठ, डाळ, टिन, डिझेल, केरोसीन, सगळं सहा महिन्यांचं वर चढवायचं. हल्ली रस्ता पूर्वीपेक्षा लवकर उघडतात, मनालीकडून अटल बोगदाही २०२० मध्ये सुरू झाला, पण पुढचे घाट आहेत ते आहेतच.

वर सगळ्यात मौल्यवान काय असेल तर केरोसीन. बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, त्याच्यावर, स्वयंपाक त्याच्यावर, बर्फ वितळवून पाणी करायचं तेही त्याच्यावर. आमचे उस्ताद म्हणायचे, गोळी नसली तर माणूस दगड मारेल, केरोसीन नसलं तर सकाळी उठणारच नाही.

डिझेल थंडीत गोठतं हे पुण्यात सांगितलं तर लोक हसतात. त्यातलं मेण बाहेर पडतं आणि फिल्टर चोंदतो. सकाळी टाकीखाली शेकोटी करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. बघताना पोटात गोळा यायचा. २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल लडाखमध्ये आलं, त्यानंतर बरंच सुसह्य झालं म्हणे. तेव्हा मी खाली आलो होतो.

पिंप ठेवायचीसुद्धा रीत असते. दोनशे लिटरचं पिंप उभं ठेवलं तर वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री गार होतं, आत हवा ओढली जाते आणि तिच्याबरोबर बुचातून ते पाणीही. म्हणून आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं एका पातळीत, घड्याळात पावणेतीनला काटे असतात तशी. बूच आतून तेलाने ओलं राहतं आणि वॉशर सुकत नाही. काठोकाठ भरायचं नाही, फुगायला जागा ठेवायची. नवीन पोरगा पिंप उभं करून गेला की हवालदार त्यालाच संध्याकाळी सगळी रांग आडवी करायला लावायचा.

मेथीचा_लाडू
झोजिलादादा, लोणच्याच्या बरणीचं नेमकं उलटं. तिथे तेल वर लागतं.

सह्याद्रीचा_वारा
कॅग वगैरे ठीक आहे, पण असे अहवाल छापायचेच कशाला? शत्रूला आयती माहिती. २०१२ मध्ये लष्करप्रमुखांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्रसुद्धा असंच फुटलं होतं. रणगाड्यांना गोळे नाहीत हे जगाला कळलं. आतोबांशी सहमत.

ताळेबंद
असहमत. पत्र फुटणं वाईटच. पण २०१५ चा अहवाल आला, त्यानंतरच तातडीच्या खरेदीचे अधिकार उपलष्करप्रमुखांकडे गेले. २०२० च्या शेवटी लडाखमधल्या तणावानंतर दहाऐवजी पंधरा तीव्र दिवसांचा साठा करायची मुभा दिल्याच्या बातम्याही होत्या. बोंब झाली नसती तर फाइल हलली असती का? शत्रूला उपग्रहातून कोठारं दिसतात. दिसत नाही ते आपल्यालाच.

सह्याद्रीचा_वारा
उपग्रहातून फ्यूज दिसत नाहीत. ८३ टक्के तुम्हीच सांगितलेत.

ताळेबंद
हा मुद्दा मान्य. तेवढं बंद दाराआड सांगता आलं असतं.

गणिताचा_तास
कारगिलचा हिशेब करून बघा. तेव्हा तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट मिळून सुमारे अडीच लाख गोळे डागले गेले. सुमारे ३०० तोफांकडून रोज पाच हजारांच्या घरात. टायगर हिल घेतली त्या दिवशी नऊ हजार. सगळे १५५ मिमीचे नव्हते, पण समजायला सोपं म्हणून तसं धरू. ५००० गुणिले ४३ किलो, म्हणजे २१५ टन. नुसते गोळे, चार्ज आणि पेट्या सोडून. दहा टनांच्या बावीस गाड्या, रोज. आणि तो रस्ता शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात. म्हणजे प्रश्न "किती आहे" इतकाच नाही, "कुठे आहे" हाही आहे. पुलगावच्या डेपोतला गोळा द्रासच्या आघाडीवर पोचला तरच तो साठा.

तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक म्हणाले होते की जे आहे त्यावर लढू. वाक्य भारी आहे, पण ज्या भांडारपालाला ते ऐकावं लागलं त्याची झोप उडाली असेल.

जुना_भांडारी
झोप १९९९ च्या मे महिन्यातच उडाली होती. तीन पाळ्या. हमाल कमी पडले म्हणून कारकुनांनीही पेट्या उचलल्या. माझी पाठ त्या उन्हाळ्याची आहे.

देवळीचा_गडी
पुलगावचं नाव निघालंच तं मी लिहितो. आमचं गाव डेपोच्या बाजूलाच हाय. लहानपणापासून तारेचं कुंपण आन त्याच्या आतलं जंगल पाहत आलो. आत हरणं हायेत, रानडुकरं हायेत, आन गोळे.

३१ मे २०१६. रात्री एक वाजला असंल. गच्चीवर झोपलो होतो, उन्हाळाच होता. पहिल्यांदा आभाळ लाल झालं, मंग आवाज. खिडक्यांचे काच गेले, गाई दावणीला तोडून पळाल्या. आबाजी म्हणे भूकंप हाय. बाबानं ट्रॅक्टर काढला, जेवढे बसले तेवढे बसले आन आम्ही निघालो. आगरगाव, नागझरीचे लोकही रस्त्यावर. कोणाच्या पायात चप्पल नाही. सकाळी कळलं, आग इझवायला गेलेले दोन अधिकारी, डीएससीचे, म्हंजे डेपोवर पहारा देणारे जवान आन डेपोचे फायरवाले गेले. ते फायरवाले आमच्याच भागातले होते. त्यातल्या एकाच्या वरातीत मी नाचलो होतो.

नंतर पेपरात आलं की सुरुंगातलं टीएनटी पाझरून रायलं होतं.

आन २०१८ चं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २० नोव्हेंबर. जुना माल नष्ट करायचं काम चालू होतं, खड्डे खणून त्यात पुरून उडवायचं. त्यात सहा जण गेले. बहुतेक आमच्या आजूबाजूच्या गावचे, रोजंदारीवाले. तिथं लोक का जातात? पाऊस आला नाही तं शेतात काम राहत नाही. आन उडवल्यावर तुकडे उरतात, पितळ, लोखंड. भंगाराला भाव असते. तुम्ही साठा किती दिवसांचा ते मोजता, आमच्याकडे साठ्याचा शेवट कसा होते ते मोजतात.

मेथीचा_लाडू
भाऊ, काय बोलावं सुचत नाही.

जुना_भांडारी
देवळीचे गडी, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पाझरतं म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात शेडमधलं तापमान वाढलं की भरणीत अशुद्धता असलेलं टीएनटी तेलकट, तपकिरी होऊन बाहेर येतं. ते लाकडी पेटीत मुरतं. पुसायचं, वेगळं काढायचं, वर कळवायचं. कळवलेलं वर कुठवर पोचतं, त्यावर पुढचं. जास्त लिहीत नाही.

सगळ्यांना घाई असते नवीन माल आणायची. जुना बाहेर काढायचा कार्यक्रम कोणाच्याच फाइलवर पहिला नसतो. नष्ट करणं धोक्याचं काम आहे, त्यात कौतुक नाही, उद्घाटनाची फीत नाही.

भूमध्यसमुद्रकाठी
मी कामानिमित्त सायप्रसला असतो. इथे २०११ मध्ये घडलं ते याच जातीचं. एका जहाजावरून जप्त केलेले दारूगोळ्याचे ९८ कंटेनर नौदलाच्या तळावर उघड्यावर रचून ठेवले होते, दोन वर्षं, भर उन्हात. कोणाला द्यायचे, कुठे न्यायचे, निर्णयच होईना. ११ जुलैला पहाटे उडाले. १३ माणसं गेली, आणि शेजारचं वीज केंद्रही गेलं. बेटाची जवळजवळ निम्मी वीज तिथून यायची. इथले लोक अजून सांगतात, त्या उन्हाळ्यात एसी कधी लागेल हे वेळापत्रकात बघावं लागायचं.

अजून_एक_शंका
मुंबईचं १९४४ पण त्यातच धरा ना. १४ एप्रिल, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. एकाच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि वर कापसाच्या गासड्या! आजी सांगायची, गिरगावात भांडी खाली पडली.

रेडझोनग्रस्त
नावावरून कळलंच असेल. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांची बांधकामबंदीची हद्द आहे, म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडी जास्त. मी निगडीजवळ फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला, "साहेब, रेड झोन पलीकडे आहे, नाल्याच्या त्या बाजूला." नाल्याच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत ते मला सहा वर्षांनी बँकेने सांगितलं. कर्ज नाही, पुनर्विकास नाही, विकायला काढला तर ब्रोकर फोन उचलत नाही. निवडणूक आली की "रेड झोनचा प्रश्न सोडवणार" असे फलक लागतात, आचारसंहिता संपली की उतरतात.

सह्याद्रीचा_वारा
वाईट वाटलं, पण डेपो आधी होता की तुमची इमारत?

रेडझोनग्रस्त
डेपो आधी. हे मला रोज बायको विचारते, तुम्ही नवीन काही विचारा. अशा हद्दीचा कायदा १९०३ चा आहे, तोही माझ्याआधीचा. माझं भांडण डेपोशी नाहीच. नकाशा खिशात असूनही ज्यांनी बांधू दिलं, नळ दिला, घरपट्टी घेतली, त्यांच्याशी आहे. पुलगावचं वर वाचल्यावर तर म्हणतो, हद्द असूच दे. फक्त आम्हाला आधी सांगा.

बुरुजावरून
हद्दीवरून आठवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल अख्खा मजकूर आहे. दारूखाना घरांजवळ नसावा. सदरेपासून अंतर राखून जागा बांधावी, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण घालावं. तळघर करून गच करावा, माच, म्हणजे उंचवटा, घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, ओल लागू देऊ नये. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण बाहेर काढून ऊन द्यावं, परत मोहोर करून ठेवावं. आज ज्याला सुरक्षित अंतर आणि तपासणी म्हणतात ते तीनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिलेलं आहे.

रेडझोनग्रस्त
अमात्यांना महापालिकेत घ्या कोणीतरी.

मेथीचा_लाडू
ऊन द्यावं! आमच्या आजीचे गहू. माच सुद्धा तीच, भिंतीला पोतं टेकवायचं नाही.

वितळलेला_कांदा
भांडारीकाका, मग डेपोत निर्गुडी लावतात की नाही?

जुना_भांडारी
उलट. शेडभोवतीचं गवत-झुडूप काढायचं, मोकळा पट्टा ठेवायचा. शेडला मातीचे उंच बांध असतात, स्फोट झालाच तर शेजारच्या शेडकडे जाऊ नये म्हणून. निर्गुडीचं काम आता तो बांध करतो. गवत ही छोटी गोष्ट वाटते, पण एप्रिल २००० मध्ये भरतपूरच्या डेपोला आग लागली ती वाळलेल्या गवतातून पसरली. पैसे वाचवायला गवत कापलं नव्हतं. मी तेव्हा दुसरीकडे होतो, पण दुसऱ्याच आठवड्यात आमच्या हातात विळे आले, साहेबांपासून शिपायापर्यंत.

बुरुजावरून
निर्गुडी हिरवी राहते, गुरं तोंड लावत नाहीत. वाळलेल्या गवताची गोष्ट वेगळी. पंतांनी झाड बघूनच निवडलं असणार.

सह्याद्रीचा_वारा
निर्गुडीचा पाला सांधेदुखीवर उत्तम. भांडारीकाका, पाठीला शेक घ्या.

तिठ्यावरची_चहाटपरी
धागा निर्गुडीवर गेला, आता परत आणतो. युक्रेनचं कोणी बोललं नाही. युरोपने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देऊ म्हणून शब्द दिला. वर्ष संपलं तेव्हा जेमतेम निम्मे झाले होते. पैसा होता, इच्छा होती, कारखाने नव्हते. मग चाळीस दिवसांचा साठा करून सडवायचा, की वीस दिवसांचा ठेवून एकविसाव्या दिवशी नवीन माल बाहेर पडेल असे कारखाने चालू ठेवायचे? आपल्याकडे खडकी, वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी, निम्मी यादी महाराष्ट्रातच आहे. माझं मत कारखान्यांच्या बाजूने.

ताळेबंद
कारखाना चालू ठेवायचा तर शांततेत ऑर्डर द्यावी लागते. ऑर्डर दिली की साठा वाढतो. साठा वाढला की जुना काढावा लागतो. फिरून देवळीच्या शेतात.

देवळीचा_गडी
भंडाऱ्याला जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातच आठ लोक गेले. कारखाना म्हणा का कोठार म्हणा, मराले माणूस लागतेच.

झोजिला_पार
चौकसराव, तुमच्या आतेभावाला एवढंच सांगा. आम्ही वर असताना "किती दिवसांचं केरोसीन आहे" असं कोणी विचारलं की उत्तर दिवसांत नसायचं. पिंपं मोजायची, रस्ता कधी उघडेल ते विचारायचं, आणि एक पिंप बाजूला काढून ठेवायचं. त्या पिंपाला कोणी हात लावायचा नाही, मेजरसाहेबांनीसुद्धा.

चौकस_सदाशिव
सगळ्यांचे आभार. काल आत्याकडे पुन्हा गेलो, आतेभावाला ३० अधिक १० समजावलं, साखर-चहापत्तीचं उदाहरण दिलं. त्याला पटलं. आतोबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो." ते नक्की कशाबद्दल बरोबर होते ते कळलं नाही. देवळीचं आणि भंडाऱ्याचं मात्र सांगितलं नाही. ताटं वाढलेली होती.

वितळलेला_कांदा
गोड काय होतं ते सांगा.

चौकस_सदाशिव
शिकरण. केळी जास्त झाली होती, संपवायची होती.

जुना_भांडारी
जुना माल आधी. आत्यांना डेपोत पाठवा.